छत्तीस वेळा खोडलेलं

आमच्या सूनबाईच्या क्लासात पाच मुलं आहेत, आणि त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. दिसायचे ते नुसते हात. बारावीचा कॉम्प्युटरचा पेपर कागदावर लिहायचा असतो. म्हणून ती मुलांना मोबाईल उंचावर अडकवून खाली वहीवर रोखायला लावते. प्रोग्राम वाचायचा आणि तो चालवला तर काय उत्तर छापेल ते लिहायचं. लॅपटॉपवर पाच चौकोन, प्रत्येकात एक वही आणि एक हात.

"चेहरे बघून काय करू, आई? चूक हातातून होते," ती म्हणते.

बारा वर्षं तिने शाळेत हाच विषय शिकवला. वर्गात पन्नास मुलं, कुणाच्या वहीत काय चाललंय पत्ता नाही, म्हणून नोकरी सोडली. माझ्या मुलाने हूं की चूं केलं नाही. मीच तेवढी दोन दिवस तणतणले. आता आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप आणि पाच ते सहा क्लास. तेवढ्या वेळात मिक्सर बंद, कुकर बंद, मला शिंक आली तरी ती गिळायची!

सहावं मूल घेत नाही म्हणजे नाही. एका मुलाच्या वडिलांनी तीनदा फोन केला.

"पाचाचे सहा केलेस तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी विचारलं.

"सहाव्या हाताकडे माझं लक्ष राहत नाही."

संपला विषय. एकदा ठरवलं की ही कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

मी मागे पलंगाच्या कोपऱ्यात, तिच्या कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसते. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हात ओळखू यायला लागले. एक डावखुरा, एकाची नखं कुरतडलेली, एक सारखा पेन आपटणारा, एकाच्या मनगटावर भलंमोठं घड्याळ. आणि पाचवी ती खोडरबर. नाव मीच ठेवलं. लिहायची, खोडायची, फुंकर मारायची, परत लिहायची. गेल्या वर्षी ती याच एका विषयात नापास झाली होती, आणि पुढे शिकायचं होतं तेही हेच. यंदा सुटली नाही तर वडील तिला मावशीच्या पार्लरमध्ये कामाला बसवणार होते.

एकदा प्रश्न होता, अमुक काम मशीन किती वेळा करेल. खोडरबरने पाच लिहिलं. खोडलं. चार लिहिलं. खोडलं. मग सहा! मला राहवेना.

"अगं ए बाई, किती खोडशील! कागद फाटेल!"

माईक चालू होता. सगळे हात जागच्या जागी थांबले, कुणीतरी फिस्सकन हसलं. सूनबाईने वळून असं काही बघितलं की मी निमूट चष्मा पुसायला घेतला. खोडरबरचा हात चौकोनातून गायब झाला.

रात्री जेवायला बसलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "पण खरं उत्तर काय होतं?"

"पाच."

"मग ते तर तिने आधीच लिहिलं होतं."

तिचा हात ताटातच थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय! मी नुसती बघत होते."

दुसऱ्या दिवसापासून खोडरबरचं रबर बंद. पेनने लिहायचं, उत्तर बदलायचं तर एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. आणि मला काम लागलं. तिने रेघ मारली की मी पहिलं आणि दुसरं उत्तर वहीत उतरवायचं, क्लासनंतर सूनबाई बरोबर कुठलं ते सांगायची. तीन आठवडे मी मान वर केली नाही.

मग एक दिवस क्लास संपल्यावर सूनबाईने खोडरबरला थांबवलं आणि मला म्हणाली, "आई, वाचा."

"खोडलेली उत्तरं छत्तीस," मी वाचलं. "त्यात पहिलं बरोबर, एकोणतीस."

हात वहीवर तसाच पडून होता. मग आवाज आला, "आजी, परत मोजा ना."

मी बोट ठेवून परत मोजलं. एकोणतीसच.

सूनबाईने उपदेश केला नाही. "उद्या पाच वाजता," एवढंच म्हणाली.

पेपरच्या दिवशी मात्र तिने माझ्या मुलाचा एकच शर्ट दोनदा इस्त्री केला. मी दोन्ही वेळा त्याची घडी घालून ठेवली.

निकालाच्या दिवशी क्लास नव्हता, तरी पाचला लॅपटॉप उघडून बसली. एक चौकोन आला. पहिल्यांदाच त्यात चेहरा होता. गोल, चष्मा लावलेला, रडून लाल झालेला.

"मॅडम, सुटले! एक्काहत्तर!"

सूनबाई रडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

"पेपरात एकच खोडलं, मॅडम. घरी येऊन मशीनवर चालवून बघितलं."

"मग? पहिलं काय होतं?"

"बरोबर होतं," आणि ती रडता रडता हसायलाच लागली.

मी उशाखालून वही काढली आणि लिहिलं, खोडलेली सदतीस, पहिलं बरोबर तीस.