हार्मिंकांच्या शेतावर, व्याह्यांबरोबर

मुलीने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना घराबाहेर काढलं तेव्हा हार्लेममध्ये नुकतं उजाडत होतं. काढलं हा शब्द कडक वाटेल, पण तिने माझ्या हातात डबा दिला, जॉर्जरावांच्या हातात छत्री दिली आणि दार उघडून उभी राहिली. "बाबा, मस्त फिरून या. आणि येताना एकमेकांशी बोलत या, प्लीज. मला आता टेन्शन नकोय." आठव्या महिन्यातल्या पोरीशी कोण वाद घालणार? आम्ही निमूटपणे स्टेशनची वाट धरली.

जॉर्ज हार्मिंक हे माझे व्याही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात ते शाळामास्तर होते, आता निवृत्त. त्यांचा बेन आणि माझी सुजाता हार्लेमला राहतात, दोघंही आयटीत. बाळंतपणासाठी मी आणि सौ. अकोल्याहून आलो, जॉर्जराव समुद्र ओलांडून आले. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. आदल्या रात्री जेवताना बाळाच्या आडनावाचा विषय निघाला आणि माशी शिंकली.

बेनने डच नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे बाळाला इथला कायदा लागू. आईचं आडनाव द्यायचं, बापाचं, की दोन्ही, हे आईबापांनी गेमेन्टेत (नगरपालिकेत) जाऊन सांगायचं असतं. त्यांना शुक्रवारची वेळ मिळाली होती. जॉर्जराव म्हणाले, आमचं नाव मोजक्या घरांत उरलंय, बेन माझा एकुलता एक, मग यात विचारायचं काय? मी म्हणालो, सुजाताही माझी एकुलती एकच आहे, आणि लग्नानंतरही तिने बोरखेडकर हे आडनाव सोडलेलं नाही. बेन म्हणाला, दोन्ही लावू. त्यावर जॉर्जराव म्हणाले, दोन नावं जोडली की पुढच्या पिढीत त्यातलं एक गळतं. कोणतं गळेल ते कोणी बोललं नाही. सौ.ने वाढलेली खीर तशीच वाट्यांत राहिली.

आजची सहल मात्र भांडणाच्या आधीच ठरली होती. जॉर्जरावांना त्यांचं आडनाव जिथून आलं ते ठिकाण पाहायचं होतं, आणि सोबत म्हणून मी. आता सोबत कसली, दोघं गाडीच्या खिडकीला नाक लावून बसलो. बाहेर सपाट हिरवी जमीन आणि तिच्यात सरळ रेषेत आखलेले पाण्याचे चर. मी जन्मभर भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. बांधावरून डोकी फुटलेली पाहण्यात माझी नोकरी गेली. इथे बांधच नाही, दोन शेतांच्या मध्ये पाणी. हात-हातभर बांध कोरून शेजाऱ्याची जमीन खाण्याची सोयच या लोकांनी ठेवलेली नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं.

ॲमस्टरडॅमला गाडी बदलल्यावर जॉर्जरावांनी पिशवीतून एक नकाशा काढला. नकाशा दिसला की माझा राग टिकत नाही. इंग्लंडचा होता, त्यावर तांबडे ठिपके. एका आखाताभोवती ठिपक्यांची दाटी, आणि तिथून उत्तरेकडे दोनचार चुकार.

"हे काय?" मी विचारलं.

"जिथे जिथे हार्मिंक राहिले ती गावं. ज्यांना गोल केलाय तिथे अजून आहेत."

गोल फारच थोडे होते. जॉर्जराव सांगू लागले. त्या आखाताजवळ पूर्वी नुसती दलदल. ती कोरडी करायला काही शतकांपूर्वी हॉलंडहून माणसं नेली, त्यातच यांचा पूर्वज असावा. कारण ‘इंक’ने संपणारी आडनावं इंग्लंडमध्ये सापडत नाहीत, पण नेदरलँड्सच्या पूर्वेला, अख्टरहूक नावाच्या भागात, पैशाला पासरी. आणि तिथेच एका गावाजवळ हार्मिंक नावाचं शेत अजून आहे.

"पण पूर्वेला तर दलदल नाही," मी नकाशावर बोट ठेवून म्हणालो. "उंच, रेताड जमीन दिसते. तिथल्या माणसाला पाणी काढायची काय माहिती?"

"मजूर कुठूनही जातो, मधू," ते म्हणाले. मला पहिल्या नावाने हाक मारली म्हणजे तह झाला असं मी धरलं.

तहाच्या आनंदात आम्ही घोळ केला. इकडे काही गाड्या मध्येच तुटतात, पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. डब्यात तसं सांगितलं होतं म्हणे, पण आम्ही दोघं नकाशात. भलत्याच स्टेशनवर उतरलो. पुढच्या गाडीची वाट पाहत फलाटावर डबा उघडला. भाकरी, पिठलं, आणि सौ.चा मिरचीचा ठेचा. जॉर्जरावांनी ठेचा चटणी समजून चमचाभर तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, पण गडी मागे हटला नाही, पुन्हा मागून घेतला. त्या क्षणी त्यांच्याबद्दल माझं मत बरंच सुधारलं.

अख्टरहूकमध्ये शिरलो तशी जमीन पालटली. चर संपले, ओक झाडांच्या रांगा आणि काटेरी कुंपणं आली, शेतं वेडीवाकडी झाली. शेवटचा टप्पा बुर्टबसचा (गावकरी पाळीपाळीने फुकट चालवतात ती छोटी बस). चालक निवृत्त गृहस्थ होते, आणि बसमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हतं. जॉर्जरावांनी त्यांना आधी दफनभूमीवर न्यायला सांगितलं. इंग्लंडमध्ये म्हणे घराण्याचा शोध चर्चच्या आवारातल्या थडग्यांपासूनच सुरू होतो, कित्येक पिढ्यांचे दगड तिथे उभे असतात.

इथलं आवार नीटनेटकं, गवत कापलेलं. दगड होते, पण सगळे नवे. जॉर्जराव रांगारांगांतून फिरले. एकही हार्मिंक नाही. शेवटी ते बाकावर जाऊन बसले. बस घेऊन थांबलेले ते गृहस्थ आमच्याजवळ आले.

"जुनी थडगी कुठे आहेत?" मी विचारलं.

"नाहीत. आमच्याकडे थडग्याची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते. घरच्यांनी मुदत वाढवली नाही, की दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात." त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. जमीन थोडी, माणसं फार, असं ते म्हणाले.

जॉर्जरावांनी पिशवीतल्या नकाशाची घडी आणखी आत सारली. एवढी वर्षं ठिपके जोडत आलेला माणूस, आणि शेवटी हात रिकामे. मला त्यांचं फार वाईट वाटलं. रात्री मी यांच्याशी तावातावाने बोललो होतो हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही. "चला, शेत तर आहे ना," असं म्हणून मी त्यांना उठवलं.

शेत होतं. उतरत्या कौलांचं मोठं घर, त्याला लागूनच गोठा, आणि गोठ्याच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत हार्मिंक. जॉर्जराव त्या पाटीसमोर टोपी काढून उभे राहिले. गमबूट घातलेली एक उंच बाई बाहेर आली. तिचं नाव हॅनेके. जॉर्जरावांनी तिला आपलं आडनाव सांगितलं, तशी तिने हसून हात पुढे केला.

"मग आपण एकाच नावाचे. मलाही गावात हार्मिंकची हॅनेके म्हणतात."

"तुम्हीही हार्मिंक?" जॉर्जरावांनी तिचा हात सोडलाच नाही.

"छे, कागदावर माझं आडनाव वेगळंच आहे. आम्ही रॉटरडॅमचे. नवऱ्याने आणि मी हे शेत विकत घेतलं. पण गावाला आमच्या आडनावाशी काय करायचंय? हार्मिंकवर राहतो म्हणून हार्मिंक."

तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि लांबट ग्लासांत कार्नमेल्क दिलं. चव घेतली तर आपलं ताक! मी मीठ मागितलं. मीठ घालून ताक पिणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला असावा. मग ती सांगू लागली. आडनावं सरकारदरबारी कायम होण्याआधी या भागात नाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. शेतावर राहायला येईल तो त्या नावाचा. मुलगी असली आणि जावई घरी आला तर जावई हार्मिंक, त्याची मुलं हार्मिंक. कोणी निपुत्रिक वारलं आणि नवं कुटुंब आलं तर तेही हार्मिंक.

"म्हणजे इंग्लंडला गेला तो..." जॉर्जराव थांबले.

"मुलगा असेल, जावई असेल, नाहीतर गडी. कोण सांगणार?" ती म्हणाली, आणि काम पाहायला गोठ्याकडे गेली.

जॉर्जरावांनी ग्लास बाजूला सारला. "मी रक्त शोधत होतो," ते म्हणाले. "मधू, तुमच्या नावाचा नकाशा कसा दिसेल?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं. बोरखेड हे वऱ्हाडातलं लहानसं गाव. आमची वस्ती गावकुसाबाहेर, गावाच्या विहिरीला हात लावायची आम्हाला मुभा नाही. आमचं जुनं आडनाव उच्चारलं की ऐकणाऱ्याला आमची जात कळायची. वडील अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत लागले, बौद्ध झाले, आणि मला शाळेत घालताना त्यांनी मास्तरांना आडनाव सांगितलं, बोरखेडकर. त्या गावचा पाटील शहरात गेला तर तोही बोरखेडकरच होणार. तुम्हाला आडनाव हवं माणूस सापडावा म्हणून, माझ्या वडिलांनी ते घेतलं कोणाला सापडू नये म्हणून.

"आणि ते गाव? तुम्ही जाता का?"

"कधीच नाही. वडील म्हणायचे, नाव घेतलंय, गाव सोडलंय."

जॉर्जरावांनी माझ्या हातावर हात ठेवला. इंग्रज माणूस आपणहून असं करत नाही, हे मला एवढ्या दिवसांत कळलं होतं. निघताना हॅनेकेने अंगणातल्या सफरचंदांची पिशवी दिली, आणि गोठ्याच्या पाटीखाली आमचा दोघांचा फोटो काढला.

परतीला योग्य डब्यात बसलो. हार्लेमला पोचलो तर दारातच सुजाता. जॉर्जराव कोटही न काढता म्हणाले, "बाळाला बोरखेडकर लावा. ते नाव कोणीतरी स्वतः निवडलंय."

"काहीतरीच काय!" मी म्हणालो. "हार्मिंक लावा. थोडीच घरं उरलीत."

"नाही, बोरखेडकर."

"अहो, तुम्ही मुलाकडचे. मान तुमचा."

सुजाताने कपाळाला हात लावला. "बाबा, काल भांडत होतात तेच बरं होतं!" सौ. आतून हसत हसत खिरीचं पातेलं घेऊन आली. या खेपेला वाट्या रिकाम्या झाल्या.

शुक्रवारी सुजाता आणि बेन गेमेन्टेत जाऊन दोन्ही नावं लावून आली, बोरखेडकर हार्मिंक. पुढच्या पिढीत एक गळेल या भीतीचं काय, असं मी जॉर्जरावांना विचारलं. "ज्या घरी राहील त्या घराचं लावेल," ते म्हणाले. महिन्याने नात झाली. बाळ झालं की इथे गोल टोस्टावर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेप पेरतात, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. सौ.च्या डिंकाच्या लाडवांबरोबर आम्ही तीही वाटली.

आम्ही अकोल्याला परतलो. थोड्याच दिवसांत जॉर्जरावांचा निरोप आला. ते नवा नकाशा करत होते. अख्टरहूकमधल्या शेतावर ठिपका दिला होता, नातीसाठी हार्लेमवर दिला होता. आता बोरखेड नक्की कुठे ते कळवा, म्हणाले. फोनवर शोधून सांगता आलं असतं. पण जागेवर उभं राहिल्याशिवाय मी कधी मोजणी केली नाही. शिवाय खरं सांगायचं तर मनाने केव्हाच उचल खाल्ली होती. एसटीने निघालो.

बोरखेडला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. फाट्यावर चहाची टपरी, पलीकडे शाळा, आणि शाळेमागे दगडी बांधणीची जुनी विहीर, वर लोखंडी जाळी. हीच ती विहीर असणार. आता घरोघरी नळ आले होते, तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं. मी काठावर उभा राहून ठिकाण जॉर्जरावांना पाठवलं. मग टपरीवर येऊन बसलो.

चहावाला माझ्याच वयाचा होता. कप पुढे करत त्याने विचारलं, "कोन्या गावचे जी पाव्हणे?"

हा प्रश्न जन्मभर ऐकला. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो, हेही ठाऊक होतं. मी म्हणालो, "अकोल्याचा. आडनाव बोरखेडकर."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. दुसरा प्रश्न आता येईल म्हणून मी थांबलो. त्याने कपाखाली बशी सरकवली.

"बोरखेडकर? मंग तं तुमी इथलेच!"

हे ऐकायला वडील हवे होते. चहा कडक होता, तरी मला त्याची चव लागेना. खिशात फोन वाजला. जॉर्जरावांचा नकाशा आला होता, या वेळी इंग्लंडचा नाही, सगळ्या जगाचा. आखाताभोवती तेच तांबडे ठिपके, नेदरलँड्समध्ये दोन, आणि तिथून दूर, वऱ्हाडात, त्याच रंगाचा एक. त्याला त्यांनी गोल केला होता. चहावाल्याने वाकून विचारलं, हे काय? मी म्हणालो, "आमचं घराणं." आणि त्याला बाकावर शेजारी बसायला जागा करून दिली.