साडूंचं उंदीरशास्त्र

उंदरांच्या नरपणाची आमच्या साडूंइतकी काळजी खुद्द एखाद्या उंदरिणीनंही कधी केली नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान बीडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. लोकांचे साडू आमच्या गावी, युसूफ वडगावला, आले की हुरडा खातात, राजकारणावर तावातावानं भांडतात आणि परतीच्या गाडीला लागतात. आमचे आले की थेट बांधावर पालथे! डोकं बिळाशी, बूड आभाळाकडं आणि हातात चिमटा. उंदरांच्या लेंड्या वेचायच्या, बाटलीत भरायच्या आणि त्यातनं नराचं हार्मोन मोजायचं, हाच त्यांचा उद्योग. एका दिवाळीत सासूबाईंनी फ्रिजमधली त्यांची बाटली शहाजिरं समजून मसालेभातासाठी उघडली. वास आला आणि घरात जो कालवा उठला म्हणता! साडू मात्र शांतपणे म्हणाले, "सांडू नका आई, मुख्य नराच्या हायेत त्या."

एका बिळात नर कितीही असले तरी बाप एखादाच होतो, बाकीचे नुसती माती उकरतात. त्या बाकीच्यांचं हार्मोन खरंच कमी असतं का, या प्रश्नानं त्यांना पछाडलेलं. मी कावून म्हणायचो, "साडभाऊ, असंल की कमी! इथं माझा हरभरा फस्त व्हायलाय, औषध टाकू द्या." ते लई भडकायचे. मोजल्याशिवाय बोलणारा माणूस त्यांना चोरापेक्षा वाईट वाटतो.

गेल्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, सगळे पाव्हणे शेतात जेवायला जमले होते. अक्का भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळभाजी, वाढत होती. आमच्या चुलत सासूबाई, म्हणजे अक्काच्याच काकू, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली, हिची कूस काय उजवली न्हाई. जावईबापू, दुसरी करा की! कशाला थांबलाव?" अक्काचा हात जागीच थांबला. साडू बांधावरून उठले, गुडघ्याची माती झटकली आणि वर्गात बोलावं तसं म्हणाले, "काकू, तिला बोलू नका. आमी तपासून घेतलंय. दोष माझ्यात हाय. माझंच हार्मोन कमी हाय."

एक पाव्हणा फिसकन हसला. बाकीचे आंबिलीच्या वाटीत बघत बसले. भरल्या शेतात पुरुषानं असं बोलावं, हे आमच्याकडं कुणी ऐकलेलंच नव्हतं.

घरी येताना मोटारसायकलवर मागं बसलेली बायको हमसून रडायला लागली. म्हणाली, "दाजींचा रिपोर्ट चांगला हाय वो. दोष अक्काचा हाय." मी गाडी बाजूला घेतली.

परवा माझ्या पुतण्याच्या मुलीचं बारसं झालं. बायकांनी अक्काला हाताला धरून पुढं नेलं आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. आजवर असं कुणी केलं नव्हतं. बाहेर मांडवात पुरुषांत साडूंची टवाळी चालली होती, एकजण तर फारच चावट बोलला. मी उठून त्याला झापणार होतो. पण साडूंचं तिकडं लक्षच नव्हतं. ते खिडकीतून आत, पाळणा म्हणणाऱ्या अक्काकडं बघत होते.