घाट्याचा बांध

घाटी म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. हसत विचारत असेल तर मी सांगत नाही. माझा स्वभाव तिरसट आहे, त्याला इलाज नाही.

घाट उतरून खाली आला तो घाटी. मुळात एवढंच. आमच्या उरणच्या बाजूला मिठागरं, आणि वर घाटावर मीठ पिकत नाही. तिकडची माणसं बैलांच्या पाठीवर मिरची, गूळ, कडधान्य लादून खाली यायची आणि मीठ भरून परत चढायची. त्यांना आमचे लोक घाटी म्हणत. त्यात शिवी नव्हती, असं आमचे म्हातारे सांगायचे. शिवी मागाहून शिरली. त्या माणसांना भरती-ओहोटी कळेना, चिखलात पाय कसा टाकायचा ते कळेना, मासळीचा काटा तोंडातल्या तोंडात काढता येईना. मग जो कोणी बावळट दिसेल तो घाटी झाला. पुढे मी मुंबईला गोदीत लागलो, तर तिथला मुकादम पहिल्याच दिवशी मला म्हणाला, ए घाटी! मी, खाडीच्या काठावर जन्मलेला, घाट बापजन्मात न चढलेला! डोकं असं फिरलं की पाठीवरचं पोतं तिथंच टाकणार होतो. पण टाकलं नाही, कारण कोंडाजी आठवला. त्याला सगळं गाव त्याच नावानं हाक मारत होतं, आणि त्यात मीही होतो.

कोंडाजी आला तो स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी. मोटारी घाट उतरायला लागल्या होत्या, तरी हा गडी तीन बैल घेऊन चालत आलेला. खाडीचा तळ ओहोटीला कोरडा पडलेला दिसला, वर चार हिरवी झुडपं दिसली, म्हणून त्यानं तिथंच खुंट्या ठोकून बैल बांधले आणि वर येऊन भाकरी भाजत बसला. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. भरती आली आणि तिन्ही बैल गेले. बैल थोरल्या भावाचे होते. काय तोंडानं परत जायचं? तो राहिला. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहू लागला. दोन वर्षांनी वर जाऊन बायको जनीला घेऊन आला, इथं त्यांना राही नावाची मुलगी झाली. तिला तर गावानं पाळण्यातच घाट्याची करून टाकलं.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. आमची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली. मधे मातीचा लांबच लांब बांध, तो आहे म्हणून गाव आहे. खारं पाणी एकदा आत आलं की तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून बांध काठीनं मोजून घराघराला वाटून दिलेला. आपापला वाटा ज्यानं त्यानं राखायचा, दरसाल माती चढवायची, खेकड्यांची बिळं बुजवायची. ज्या घराला बांधात वाटा, ते घर गावाचं. त्यालाच गावकीत बसायला जागा, त्यालाच गावठाणात घर. वाटा नाही तो कितीही वर्षं राहो, पाहुणाच.

कोंडाजीला तो वाटा हवा होता. दर दिवाळीनंतर बांधाची मोजणी व्हायची तेव्हा तो टोपी काढून उभा राहायचा आणि मला थोडा बांध द्या म्हणायचा. लोक हसून लोटपोट व्हायचे. फुकटची ढोरमेहनत मागून घेणारा माणूस कोणी पाहिलाय? माझे वडील बाळाजी बांधाचे पंच. ते म्हणायचे, अरे, तुझे बैल तुला राखता आले नाहीत, बांध काय राखशील? कोंडाजी म्हणायचा, पोर हितली हाय, तिला गाव पायजे. आणि पुढच्या साली पुन्हा उभा. सात वर्षं! मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. एवढा अपमान गिळतो कसा हा माणूस?

एकोणसाठच्या श्रावणात मी सुट्टी घेऊन घरी आलो होतो. कोंडाजी वडिलांना सांगायला आला की तुमच्या वाट्यात खेकड्यानं बीळ केलंय, पाणी आतल्या अंगाला झिरपतंय. वडील म्हणाले, घाट्या, बांधातलं तू मला शिकवणार? आणि गेले नाहीत. मीही गेलो नाही. आमच्याच घरचा वाटा, आणि आम्हीच तो बघितला नाही.

आठव्या दिवशी पिठोरी अमावास्या होती. भरदुपारी उधाण चढलं आणि बांध नेमका तिथंच फुटला. आम्ही धावलो. दोन वाव, म्हणजे आठ हात रुंद खांड पडली होती आणि पाणी गर्जत आत घुसत होतं. पलीकडे अख्ख्या गावाचं भात पोटरीला आलेलं. आमची माणसं मातीनं भरलेली पोती टाकत होती आणि पाणी ती पाचोळ्यासारखी उचलून शेतात फेकत होतं. वीस पोती गेली, चाळीस गेली. माझे वडील डोक्याला हात लावून चिखलात बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कोंडाजी ओरडला, "सुटी पोती टाकू नका, जोडीनं टाका!"

कोणाला कळेना. बांधाशेजारी एक मचवा दुरुस्तीला ओढून ठेवला होता, त्याची डोलकाठी त्यानं आठ जणांना उचलायला लावली, खांडीवर आडवी टाकून दोन्ही टोकं बांधात ठोकलेल्या मेखांना बांधली. मग दोन पोती तोंडाला तोंड बांधून तो जोड त्या काठीवर टाकला, एक पोतं समुद्राकडे, एक शेताकडे. बैलाच्या पाठीवर ओझं लादतात ना, तसं! पाण्यानं जोर केला, पण जोड जागचा हलेना. एकाचा भार दुसऱ्याला धरून होता. पोहता न येणारा तो माणूस कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यात उतरला आणि एकेक जोड हातानं बसवू लागला. आम्ही नुसते पोती भरून देत होतो. पाणी त्याच्या तोंडावर आपटत होतं, तो बुडायचा, वर यायचा, आणि पुढचा जोड मागायचा. मी आयुष्यात पुष्कळ धाडसी माणसं पाहिली, पण त्या दिवशी माझ्या अंगावर जो काटा आला तो पुन्हा कधी आला नाही. पाणी उतरायला लागेपर्यंत खांड बुजली होती. खालची चार शेतं गेली, बाकी गाव वाचलं.

मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो एका शब्दानंही बोलला नाही. मी वाट बघत होतो. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर मोजणी निघाली. कोंडाजीनं टोपी काढायच्या आधीच वडील उठले आणि म्हणाले की आजपासून याला कोणी घाटी म्हणायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हना की," कोंडाजी म्हणाला. "घाट उतरून आलोय, ते काय खोटं हाय? नाव ऱ्हाऊ द्या, दादा. बांध द्या."

वडिलांनी काठी उचलली. गावातल्या कोणाच्याही वाट्याला हात न लावता त्यांनी आमच्याच वाट्यातल्या अकरा काठ्या मोजल्या, फुटलेली जागा मधोमध धरून, आणि दोन्ही टोकांना स्वतः मेखा ठोकल्या. माझे वडील कोणापुढे मान झुकवणारे नव्हते. त्या दिवशी ते स्वतः कोंडाजीसमोर जाऊन उभे राहिले.

"कोंडाजी, इथून तिथवर बांध फुटला, तर उद्यापासून सगळं गाव तुझ्या नावानं शिव्या घालील."

"घाला," कोंडाजी म्हणाला, आणि सगळ्या गावादेखत रडायला लागला.