हजर सभासद

संघमित्राला नोकरी लागली तेव्हा तिने सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. पगार नऊ हजार, आणि पेढे पाव-पाव किलो. मी तोंडावर म्हणालोसुद्धा, बाई गं, आधी महिना तर भरू दे.

पण तिचंही खरं होतं. बीकॉमला पहिली आलेली पोरगी दीड वर्ष जळगाव-धुळे पालथं घालत होती. जिथे तीन हिशेबनीस बसायचे तिथे आता एक कॉम्प्युटर आणि मालकाचा भाचा. पुण्यात जागा होत्या, पण चोपड्याजवळच्या गावात आई, द्रौपदाबाई, एकटी. वडील वाल्मीक दोन वर्षांपूर्वी वारलेले. जळगावात मेहरूणमधलं आमच्या ललितभाऊंचं ऑडिटचं ऑफिस, एवढाच तिला आधार. भाऊंनी पहिल्या दिवशी तिला हिरवा पेन दिला. तपासलेल्या नोंदीवर हिरवी टिक मारायची, ही आमची रीत. तो पेन ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची.

एप्रिलात आम्ही दोघं तिच्याच गावच्या विकास सोसायटीच्या ऑडिटला गेलो. वार्षिक सभेचं हजेरी रजिस्टर तिच्यापुढे आलं. भराभर टिक मारत होती, मध्येच थांबली. गेल्या वर्षीच्या सभेला वाल्मीक हजर होते. नावापुढे निळा अंगठा.

"हितेंद्रभाऊ," ती म्हणाली, "बाबा अंगठा देतच नव्हते. मी चौथीत असताना त्यांना सही शिकवली. मग रेशनच्या दुकानातही हट्टाने सही करायचे."

सोसायटीचा सेक्रेटरी हसला. सगळीकडे असंच चालतं, सभेची गणसंख्या भरावी लागते म्हणे. "बठ्ठं असंच शे ताई. कोरम भरना पडस."

तिने ललितभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "टिक मार आणि ऊठ. जमत नसेल तर पेन हितेंद्रकडे दे आणि घरी जा."

मला वाटलं, मारेल टिक. तिने नावापुढे हिरव्या शाईत लिहिलं, 'मयत. अंत्यविधीला मी स्वतः हजर होते.' खाली सही केली आणि पेन माझ्यापुढे ठेवला.

आता ती चोपड्यात कापडाच्या दुकानात बिलं फाडते. आठवड्याभरात सेक्रेटरीने नवीन रजिस्टर लिहून आणलं. नावं तीच, वाल्मीकपुढचा अंगठाही तसाच. माझ्या दोन पोरी शिकताहेत. मी टिक मारली. खोटं कशाला बोलू, तेव्हा काहीच वाटलं नाही.

वाटायला लागलं ते नंतर. आमच्याकडे हजेरीचं मशीन आहे. रोज सकाळी दहाला काचेवर अंगठा ठेवतो, हिरवा दिवा लागतो आणि मशीनमधली बाई माझं नाव घेते. मला रोज भीती वाटते, आज ती वाल्मीकचं नाव घेईल. परवा डावा अंगठा लावून पाहिला, तरी नाव येईपर्यंत कान मशीनकडेच होते.

शेवटी भाऊंना म्हटलं, मला आपली रजिस्टरवर सही करू द्या. ते म्हणाले, "सहीचा काय भरवसा हितेंद्र? अंगठा कधी खोटं बोलत नाही."