माझ्या गाडीचा सौदा

माझ्या गाडीचा सौदा ठरला तेव्हा मी आनेकलला एका बाईचं बाळंतपण करत होते. संध्याकाळी शहरात राजाजीनगरच्या घरी परतले, दारात चपला काढते आहे तोवर अण्णा आतून म्हणाले, "झालं बरं का तुझं काम! गाडी ठरवली. दलालाला शब्द देऊन आलो."

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. मुलीला डॉक्टर कशाला करायचं म्हणणाऱ्या अख्ख्या गोतावळ्याशी ते भांडले. ते मी कधी विसरले नाही आणि म्हणूनच त्यांच्यावर चिडताना मला नेहमी दुप्पट त्रास होत असे. पण सायकलपलीकडे त्यांना काहीही चालवता येत नव्हतं. मी मात्र शिकाऊ डॉक्टर असताना एका खेड्यातल्या दवाखान्याची जीप दोन वर्षं चालवली होती, चिखलातून, नाल्यातून, वेळ पडली तर ढकलतसुद्धा.

"कुठली गाडी?" मी विचारलं.

"हिरवी. काय चकाकते आहे! आणि आत बसलं तर आवाज म्हणून नाही."

"चालवून बघितली कुणी?"

"दलालानं चालवली की. मी शेजारी बसलो होतो."

मी तिथेच पायरीवर बसले.

मला गाडी मिरवायला नको होती. माझा दवाखाना शहराबाहेर आनेकलला, तिथे राहायला धड जागा नाही, त्यामुळे मी रोज बसनं जाऊन येऊन करत होते. त्या वर्षी एकदा बस वाटेत बंद पडली. दुसरी येईपर्यंत दीड तास गेला. मी पोचले तेव्हा अडलेली बाई वाचली होती, मूल गेलं होतं. मला कुणी दोष दिला नाही. उलट तिच्या सासूनंच, दमून आलात म्हणून, मला तांब्याभर पाणी आणून दिलं. ते पाणी मी न पिता तसंच खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी घरी सांगितलं, मला गाडी घ्यायची आहे.

नवीन गाडीसाठी तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. म्हणजे जुनीच घ्यायची. रोजची पन्नासएक मैलांची धाव, तेव्हा पेट्रोल कमी पिणारी हवी, आणि मुख्य म्हणजे वाटेत बंद न पडणारी. एवढी साधी मागणी होती. पण ती ऐकून घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. तीन आठवडे मी अण्णांना सोबत घेऊन गाड्या बघत हिंडले आणि तीन आठवडे प्रत्येक माणूस अण्णांशीच बोलला. मी इंजिनबद्दल विचारायचे, उत्तर अण्णांना मिळायचं. एकानं तर मागचं दार उघडून मला गादी दाबून दाखवली. "अम्मा, बसून बघा, कशी मऊ आहे!"

"अम्मा पुढे बसणार आहे, चाक धरून," मी म्हणाले.

लहान पोर काहीतरी गमतीचं बोलावं तसा तो हसला. आणि अण्णाही हसले.

त्यात आता हा शब्द.

"अण्णा, चालवणार मी, पैसे माझे, आणि मला न विचारता शब्द दिलात?"

"अगं, तू दिवसभर कामात. म्हटलं तुझी धावपळ वाचवावी. आता दिला शब्द, मागे कसं फिरायचं?"

वहिनी चुलीपाशी होत्या. त्या अण्णांपुढे सहसा बोलत नसत. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आनेकलच्या रस्त्यावर गाडी अडली तर ढकलायला तुमचा शब्द येणार का?"

मग अण्णा माझ्या म्हणण्याला कबूल झाले. रविवारी मी माझा मेस्त्री घेऊन जाईन, त्याला गाडी पसंत पडली तर अण्णांचा शब्द राहील, नाहीतर नाही.

मेस्त्री म्हणजे कंटोन्मेंटच्या मागच्या एका गल्लीत झाडाखाली गाड्या दुरुस्त करणारा म्हातारा. त्याच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं मी केली होती. तो आपल्या दखनी उर्दूत बोले, मी माझ्या मोडक्यातोडक्या दखनीत, आणि आमचं उत्तम जमे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं दलालाच्या आवारात गेलो. गाडी खरंच चकाकत होती. मी चावी मागितली. दलाल अण्णांना म्हणाला, "साहेब, मी चालवतो, अम्मांना शेजारी बसू द्या. गर्दीचा रस्ता आहे."

"चावी," मी हात पुढे केला.

मी चालवली. गिअर जरा जड पडत होता, पण आवाज खरोखरच नव्हता. मला ती आवडायला लागली, खोटं कशाला सांगू? दोन मैल फिरून आलो तर मेस्त्रीच्या कपाळावर आठ्या.

"डॉक्टरअम्मा, एवढ्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स थोडातरी बोलायला हवा. ही मुकी आहे. मला हे बरं वाटत नाही. तेल काढून बघू."

दलाल उसळला. चालू गाडीचं तेल कोण काढतं, असं कधी झालेलं नाही, साहेब, हा अपमान आहे. अण्णा कानाशी येऊन कुजबुजले, "अगं, स्वल्प, जरा सबूर कर. चारचौघांत बरं दिसत नाही."

मी मेस्त्रीला म्हणाले, "काढा."

तो गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला. नट सैल केला, खाली पत्र्याचं ताट धरलं. तेल वाहिलं नाही, पडलं, शिऱ्यासारखं, ढेकळाढेकळानं. मेस्त्रीनं त्यातला एक गोळा तळहातावर चोळून माझ्यासमोर धरला. ओला लाकडाचा भुसा होता. झिजलेल्या दात्यांचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून कोंबलेला. शंभर-दोनशे मैल गाडी अशी गप्प चालते, मेस्त्री म्हणाला, आणि मग एक दिवस भर रस्त्यात अडकते.

माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता आला. मी दलालाला विचारलं, "हे काय आहे?"

आणि त्यानं, एवढं सगळं ताटात वाढलेलं असताना, माझ्याकडे न बघता अण्णांना उत्तर दिलं. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

मी कानडीत काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली होती एवढं आठवतं. या गाडीत उद्या कुणाची गरोदर लेक बसली असती तर काय, असं मी त्याला तीनदा विचारलं. तो पाय बदलत उभा राहिला. पण खरा घाव पुढेच होता. मी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात अण्णांनी त्याला हळूच विचारलं, "ते तेल तुम्ही बदलून द्याल ना? म्हणजे मग..."

म्हणजे मग शब्द राहील! गिअरबॉक्स गेला तरी चालेल, बहीण रस्त्यात अडकली तरी चालेल. मी मेस्त्रीचे आभार मानले आणि अण्णांना तिथेच सोडून बसच्या थांब्याकडे चालू लागले. ते मागून हाका मारत होते. मी वळले नाही. चार दिवस आमचं बोलणं बंद होतं.

पाचव्या दिवशी मेस्त्रीनं निरोप पाठवला. कंटोन्मेंटमध्ये एक अँग्लो-इंडियन नर्स होती, निवृत्त झालेली. ती मुलाकडे परदेशी कायमची निघाली होती. या वेळी मी एकटी गेले. तिची गाडी लहान, राखाडी, एका दाराला पोचा पडलेला, रंग जागोजागी उडालेला. बाई इंग्रजीत बोलायची, तोंडात सिगारेट. तिनं मला आत बसवून आधी दोषच सांगितले. डावा वायपर फिरत नाही. पावसात पायाशी पाणी येतं. दुसरा गिअर घाईनं टाकला तर रुसतो. बाकी सोळा वर्षं रोज हिच्यातून कामावर गेले, एकदाही उशीर झाला नाही.

मग तिनं मला निरखून विचारलं, "चाक बदलता येतं?"

"येतं."

"दाखव."

मी पदर खोचला आणि तिच्या अंगणात चाक काढून दुसरं बसवलं. ती खुर्ची टाकून बघत बसली. महिनाभरात मला गाडीबद्दल सरळ प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. माझे डोळे भरून आले ते घामामुळे असं मी तिला भासवलं.

ठरल्याप्रमाणे मागाहून मेस्त्री आला. त्यानं पेट्रोलची नळी टाकीतून काढून एका बाटलीला जोडली. बाटलीभर पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालवायची आणि किती मैल झाले ते बघायचं. सहा मैल धावली. मेस्त्रीनं हिशेब बोटांवर केला आणि मान डोलावली. गिअरबॉक्स मोकळेपणी कुरकुरत होता.

ती गाडी मी नऊ वर्षं आनेकलला नेली. पंक्चर झाली, क्लच बदलला, पण वाटेत मला तिनं कधी सोडलं नाही. कितीतरी बायकांना मी तिच्या मागच्या सीटवरून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. दोघींनी तर तिथवर पोचायची वाटही बघितली नाही, गाडीतच बाळंत झाल्या.

आणि अण्णा? आमचं बोलणं सुरू झालं आणि गाडी आल्यावर पहिल्या महिन्यातच ते रोज सकाळी कचेरीपर्यंत माझ्या शेजारी बसून येऊ लागले. कुणी पाहुणे आले की अंगणात नेऊन गाडी दाखवायचे. "दिसायला तशीच आहे हो, पण पेट्रोल अगदी कमी. मीच बघून घेतली. जुनी गाडी घ्यायची तर रंगाला भुलायचं नाही." पाहुणे माना डोलवायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे आणि माझ्या कानशिलांत आग पेटायची.

एकदा पाहुणे गेल्यावर मी विचारलंच, "अण्णा, तुम्ही असं का सांगता? ही गाडी तुम्ही बघितलीसुद्धा नव्हती."

त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "अगं, तू घेतलीस काय आणि मी घेतली काय, घरातलीच ना? त्यात काय फरक?"

त्यात काडीचंही कपट नव्हतं. तेच तर मला सहन होईना. भांडायला समोर दलाल असता तर सोपं होतं.

त्यांनी पेपर उघडून डोळ्यांसमोर धरला होता.

"तो पेपर खाली ठेवा, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी ठेवला. आणि मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून, काय फरक ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.