ओलिवाचा बोकड

कुरुमडेगीच्या मुली हॉकीच्या पहिल्याच फेरीत हरल्या आणि त्याही जामटोलीकडून. जामटोलीच्या गोलकीपरला धड पळता येत नाही, हे सिमडेग्याच्या बाजारात कोणालाही विचारा. संध्याकाळी माळाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली, एलिसबाच्या हंडियाच्या मडक्याभोवती सगळा गाव जमला आणि पानाच्या द्रोणातून तांदळाची दारू पीत आपापल्या परीने सामना पुन्हा खेळू लागला. हरलेला सामना बसून खेळण्यात कुरुमडेगीचा हात धरणारा गाव त्या जिल्ह्यात नाही.

"चेंडू सोडतच नाहीत कार्ट्या," नुआस म्हणाला. नुआस गावाचा मांदर, म्हणजे मोठा ढोल, वाजवतो, त्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. "जिच्या काठीला चेंडू लागला तिचाच तो झाला. चौघीजणी अंगावर येतात तरी घट्ट धरून उभ्या! यांना शिकवायला माणूस हवा. मारियानुस मास्टरला परत आणा, दुसरा इलाज नाही."

"मास्टर," फाबियानुस म्हातारा थुंकला. "पोरगी सोडून बोकड काढणारा मास्टर. तू तुझी पोर देशील त्याच्या हाती?"

"मला पोर कुठाय?"

"म्हणूनच तोंड चालतंय तुझं."

एवढ्यात झाडामागून घंटा वाजली आणि सगळ्यांनी एकदम द्रोणात तोंडं घातली. बोकड आला होता. म्हातारा, अंगावरचे केस झडलेला, एका डोळ्यात फूल पडलेला. तो कोणाकडे न बघता एलिसबापाशी आला आणि मडक्याच्या बाजूला बसला. त्याच्यासमोर ही गोष्ट कोणी बोलत नसे. माणसं जनावराला लाजत होती, असंच म्हणायला हवं.

त्या मुलखात हॉकीच्या स्पर्धेला चषक नसतो, बोकड असतो. जिंकणाऱ्या संघाने तो गावी आणायचा, कापायचा आणि घरटी एकेक द्रोण वाटायचा. कुरुमडेगीचा त्यावर आपला एक वेगळा नियम होता: बोकड कप्तानाने खांद्यावरून आणायचा आणि गावातल्या आखाड्यात, म्हणजे नाचायच्या जागेत, पोचेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. लागले तर जिंकलेलं वाया गेलं. मुलींनी पहिल्यांदा बोकड जिंकला तेव्हा कप्तान होती ओलिवा, एलिसबाची थोरली. सोळा वर्षांची. भादव्याचे दिवस होते. येताना नदीला वरून लोंढा आला. बाकीच्या मुली काठ्यांना काठ्या धरून पार झाल्या. शेवटी राहिले तिघे: खांद्यावर बोकड घेतलेली ओलिवा, तिच्यामागे मास्टर आणि तो बोकड. काठावरच्या मुलींनी पाहिलं ते एवढंच, की मास्टरच्या दोन्ही हातांत बोकड आहे आणि ओलिवा नाही.

ती दुसऱ्या दिवशी खाली वाळूत सापडली म्हणतात. एलिसबाने पाहिली नाही, तिला पाहू दिलं नाही. मातीला तिसऱ्या रांगेत उभा असलेला मास्टर घरी गेला तो थेट राउरकेल्याला, कुठल्याशा गोदामावर राखणदार म्हणून. लोकांनी जे म्हणायचं ते म्हणून घेतलं, त्याने एका शब्दाने खोडलं नाही. बोकड मात्र कोणीतरी एलिसबाच्या अंगणात आणून बांधला आणि मग त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. नवरा म्हणाला, "विकून टाक." ती म्हणाली, "विकते," आणि विकला नाही. पुढे नवराही तापाने गेला. बोकड राहिला.

नऊ वर्षं तिने त्याला पोसलं. प्रेमाने नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पाला टाकताना ती त्याच्याकडे बघायचीही नाही. पण पाऊस लागला, की तो उंबऱ्यात येऊन उभा राहायचा, अंगातून पाणी निथळत, आणि घरात बघत राहायचा. बसायचा नाही, ओरडायचा नाही. एलिसबाला वाटायचं, याच्या मागे कोणीतरी आहे आणि आधी हा आत आला तरच ते आत येणार आहे. ती दोर सोडून त्याला आत घ्यायची, मग रिकाम्या उंबऱ्याकडे बराच वेळ पाहायची आणि दार लावायची. लावताना दर वेळी तिचं काळीज तुटायचं. नदीत शेवटी काय झालं हे दोघांनाच ठाऊक होतं. एक पळून गेला होता आणि दुसरा पाला चघळत होता. ओलिवाने हाक मारली का? कोणाला मारली? आईला? की तोंडात पाणीच गेलं? हे विचारायला ती राउरकेल्याला दोनदा निघाली आणि दोन्हीदा बसथांब्यावरून परतली. उत्तर मिळालं नाही तर एक वेळ जगता येतं. मिळालं तर काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

आणि आता धाकटी एडलिन सोळाची झाली होती. संघात मध्यभागी खेळायची, ओलिवाच्याच जागी. आजच्या सामन्यात चेंडू धरून उभी राहिलेल्यांत पहिली तीच होती.

"काकी," नुआस आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाला, "शेवटचा शब्द तुझा. तू नाही म्हणालीस तर मास्टरचं नाव पुन्हा काढणार नाही."

"सहा महिन्यांनी काढशील," फाबियानुस म्हणाला.

"तू गप रे."

एलिसबाने मडक्यावर पानं झाकली. बोकडाने मान वर केली, घंटा वाजली. तिला ती घंटा आता सहन होईना.

"आणा त्याला," ती म्हणाली. "मला एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारून झाली की पोर द्यायची की नाही ते सांगते."

रविवारी गिरजाघरातून माणसं सुटली तेव्हा नुआसच्या मोटारसायकलवरून मास्टर उतरला. गावाला ओळखू येईना. पूर्वी तो बोलायला लागला की पलीकडच्या वस्तीतली कुत्री उठायची. आता राखणदाराच्या खाकी शर्टातला एक वाकलेला माणूस चपला हातात घेऊन माळाच्या कडेला उभा होता. माळावर पाय ठेवेना. बायकांनी त्याला पाणी दिलं, ते हातातच राहिलं. बोकड करंजाखाली बांधलेला होता. त्याने मान वळवली, उठला आणि दोर ताणला जाईपर्यंत मास्टरच्या दिशेने चालत गेला. नऊ वर्षांत तो आपणहून कोणाकडे गेला नव्हता. एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मास्टर, जोहार," एलिसबा म्हणाली.

"जोहार, दीदी."

"मी एकच विचारते. तुझ्या हाताला आधी काय लागलं? माझी पोर की हा?"

सगळा गाव ऐकत होता. फाबियानुसने कानामागे हात धरला होता. मास्टर बोलला तो बोकडाकडे बघत.

"तीच लागली. तिचा दंड माझ्या हातात होता, दीदी. पाय दगडात अडकला होता तिचा. मी ओढत होतो, पाणी छातीपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, बोकड टाक. ती नाही म्हणाली. म्हणाली, पाय खाली लागतील मास्टर, वाया जाईल." त्याने ओठ पुसले. "मग तिने तो डोक्यावरून काढला आणि माझ्यापुढे केला. म्हणाली, मी अडकलेय मास्टर, तुम्ही मोकळे आहात, धरा. आणि मी धरला."

"धरला," एलिसबा म्हणाली.

"हातांनी धरला, दीदी. मला विचार करायला वेळच नव्हता, हातच पुढे झाले. दोन्ही हात भरले. दोन पावलांवर खडक होता, त्याच्यावर ठेवला आणि वळलो. ती नव्हती. मीच शिकवलं होतं ते तिला. अडकलीस? सोड. मोकळं असेल त्याला दे. सकाळ-संध्याकाळ ओरडायचो या माळावर. तुमच्या सगळ्यांच्या कानांत असेल अजून."

होतं. नुआसने मान खाली घातली.

"मग बोलला का नाहीस? नऊ वर्षं आम्ही तुझ्यावर थुंकलो," फाबियानुस म्हणाला.

"काय बोलणार? मेलेल्या पोरीनेच दिला म्हणून सांगू? स्वतःला वाचवायला खोटं बोलतोय असंच झालं असतं." मग तो एलिसबाकडे वळला. "म्हणून मी येणार नाही, दीदी. या मुली चेंडू धरून ठेवतात, नुआसने वाटेत सांगितलं. त्यांना जे सांगायचं ते एकच वाक्य आहे आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. तुला उत्तर द्यायचं होतं, ते दिलं. जातो मी."

एलिसबा उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, ही आता मास्टरच्या अंगावर जाणार. पण ती नदीच्या बाजूला तोंड करून, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडली, "अगं मेले! हात द्यायचा होतास! बोकड कसला देतेस? तुझा हात द्यायचा होतास ना गं!"

बोकड दोर ताणून उभा होता. ती त्याच्याजवळ गेली, दोर सोडला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याला उचलून आणलं. म्हातारा बोकड हलका झाला होता. तो तिने मास्टरपुढे केला.

"धर."

मास्टर मागे सरकला. "दीदी, हे मला नको सांगूस."

"तिने गावात पोचवायला दिला होता तुला. तू मध्येच खडकावर ठेवलास. धर म्हणते ना!"

त्याने धरला. खांद्यावर घेतला. वाटेत दोनदा त्याचा तोल गेला, तेव्हा बोकडाचे पाय खाली लागू नयेत म्हणून एका बाजूने एलिसबाने हात लावला आणि दुसऱ्या बाजूने, कोणी न सांगता, फाबियानुसने. नुआस मांदर घेऊन पुढे होता. वाजवायचा की नाही, हे त्याला कळेना. शेवटी हलका हलका वाजवला. तो तसंही वाजवू शकतो हे गावाला त्या दिवशी कळलं. आखाड्यात बोकडाचे पाय जमिनीला लागले. गावाच्या रीतीप्रमाणे तो कापला आणि वाटला. मांस चिवट होतं, पण एकाही घराने द्रोण परत केला नाही. कप्तानाचा वाटा काळजाचा असतो. तो एलिसबाने पानात बांधून ओलिवाच्या मातीवर नेऊन ठेवला.

मास्टर राहिला. सोमवारी सकाळी मुली माळावर उतरल्या. एलिसबा करंजाखाली मडकी मांडत होती आणि अधूनमधून मागे वळून बघत होती, कारण घंटा वाजल्यासारखी वाटायची आणि तिथे नुसता दोर पडलेला असायचा.

माळाच्या मधोमध एडलिन अडकली. तिघीजणींच्या काठ्या तिच्या पायांशी होत्या, चेंडू तिने घट्ट धरला होता. डावीकडे एक मुलगी एकटीच मोकळी धावत होती. मास्टरने तोंड उघडलं. मानेची शीर फुगली, हात वर गेला, आवाज मात्र आला नाही.

एलिसबाने हातातलं मडकं खाली ठेवलं.

"एडलिन!" ती ओरडली. "अडकलीस ना? सोड! मोकळी आहे तिला दे!"

एडलिनने दिला. चेंडू डावीकडे गेला आणि तिथून सरळ गोलात. मुलींनी एकच गलका केला, मास्टरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एलिसबा खाली बसली. आपण आत्ता काय शिकवलं आणि कोणाला, हे तिच्या ध्यानात आलं होतं. मातीच्या दिवशीही न आलेलं रडू तिला आलं, आणि माळावरून एडलिन हसत हात हलवून विचारत होती, "आई, बरोबर दिला ना?"

"बरोबर दिलास," ती म्हणाली.