दापोलीच्या काकूंचं चौथं ताट

मूळ गाव कुठलं असं कोणी विचारलं की काकू 'दापोली' म्हणायच्या, आणि विचारणारा त्यांच्या निळ्या डोळ्यांकडे बघत राहायचा. सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या आमच्याच मजल्यावर राहत. जन्म चेक देशातल्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा बाजारगावातला. तिथल्या कारखान्यात जहाजाची इंजिनं शिकायला आलेल्या दापोलीच्या एका मुलाशी त्यांनी लग्न केलं आणि मराठी शिकल्या त्या थेट सासूकडून. त्यामुळे चिडल्या की लिफ्टलासुद्धा 'मेल्या' म्हणत. माझ्या पुणेरी मराठीला त्या 'इस्त्रीची भाषा' म्हणायच्या. मला रागच यायचा, पण बोलणार काय!

त्यांच्या जन्मगावाचा चौक उताराचा होता. बाजाराच्या दिवशी बटाटे गाडीवरून घरंगळत खालच्या चर्चपर्यंत जात आणि पोरं ते वेचून आणत. "आठ महिने हिवाळा आणि उरलेले चार महिने थंडी," असं त्या आपल्या गावाचं वर्णन करत आणि सिंगापूरच्या उकाड्यात पदराने वारा घेत. हो, घरात साडीच.

त्या गावातली एकच गोष्ट त्यांनी जिवापाड सांभाळली होती, ती म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण. दिवसभर उपास. संध्याकाळी मासा आणि बटाट्याची कोशिंबीर, सोबत कोकम सरबत. ताटं सम संख्येतच हवीत. आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कोणीही उठायचं नाही, उठायचं ते सगळ्यांनी एकदम. जो आधी उठेल तो पुढच्या वर्षी त्या टेबलावर नसतो. "माझ्या सासूला हे काही जमेना," त्या सांगत. "म्हणे, वाढणारीने बसून कसं चालेल? मी म्हटलं, सगळं आधीच मांडा. उठून उठूनच बायका मरतात."

काकांच्या शेवटच्या नाताळला जेवताना बंदरावरून फोन आला आणि काका उठले. एप्रिलमध्ये ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. काकूंनी ते ऐकून घेतलं.

त्यानंतर आम्हाला आमंत्रण येऊ लागलं. "तुम्ही तिघं आहात ते बरं. मी चौथी." नवरा, मी आणि आमची इरा. बोलावण्यात लाडीगोडी नव्हती, हिशेब होता. पण दार उघडताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला त्यांच्या एरवीच्या रिकाम्या संध्याकाळी दिसायच्या.

त्यांच्याकडच्या शेवटच्या नाताळला इराच्या हातून सरबत सांडलं. "अय्यो, सॉरी काकू, मी क्लॉथ आणते ला," असं सिंगापुरी 'ला' लावून म्हणत ती खुर्चीवरून सरकली. तिचे पाय जमिनीला लागायच्या आत काकू उभ्या होत्या. एरवी दोन्ही हात टेकून, देवाचं नाव घेऊन उठणारी बाई एका झटक्यात उभी! चेहरा पांढराफटक.

"बस गो. मी उठले आधी."

"काकू, अहो ही अंधश्रद्धा आहे," माझा नवरा हसत म्हणाला.

"अंधश्रद्धा आहे ना? मग मला काय होतंय? जेवा." त्यांनी स्वतः फडकं आणून टेबल पुसलं.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला. तिकडे चेक देशातल्या गावी थोरली बहीण एकटी होती. तिने बोलावलं, काकूंनी फ्लॅट विकला. चांगी विमानतळावर निरोप द्यायला गेलो तेव्हा मी रडत होते आणि त्या मला दटावत होत्या. "बघ, खरं झालं की नाही? मेले नाही, पण टेबलावरून उठले."

उन्हाळ्यात बहीण वारली. मग काकूंचे फोन वाढले. गावात त्यांना आता 'इंडियन बाई' म्हणतात. चौक तसाच आहे, पण बाजारात ओळखीचं कोणी नाही. "इथे माझ्याशी भांडायलासुद्धा कोणी नाही गो," त्या एकदा म्हणाल्या.

यंदा नाताळला आम्ही आमच्याच घरी चार ताटं मांडली. तिघं बसलो. मासा मला साधला नव्हता, कोशिंबीर बरी होती. अर्धं जेवण झालं आणि हॉलमध्ये फोन वाजू लागला.

"काकूच!" इरा म्हणाली, पण जागची हलली नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. फोन वाजतच होता. शेवटी तिनेच बोटांनी एक, दोन, तीन केलं आणि आम्ही तिघंही एकदम उठलो.

फोनच्या पडद्यावर काकू, मागे खिडकीत बर्फ. तिकडे दुपार होती. रात्रीची तयारी म्हणून टेबलावर दोन ताटं मांडलेली.

"आधी कोण उठलं?" हा पहिला प्रश्न.

"टुगेदर, काकू. प्रॉमिस."

त्यांनी डोळे पुसले. "मग आता एकदम बसा. आणि मला माझ्या जागी ठेवा."

इराने फोन चौथ्या ताटात पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. काकू मासा कसा बिघडला ते मला सविस्तर सांगत राहिल्या. ताटं केव्हाच रिकामी झाली, हात वाळले. तरी आमच्यापैकी कोणीच उठेना.